नेरळचा थांबा

ज्येष्ठ मंडळींना आणि समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना माझा नमस्कार. आपल्या गावच्या स्टेशनाविषयी बोला, असा निरोप आला तेव्हा मी दोन-तीन दिवस याच विचारात होतो की स्टेशनाचा इतिहास म्हणजे नेमके काय सांगायचे. रूळ कधी पडले आणि इमारत कधी उभी राहिली हे सांगता येते. परंतु रुळांवरून दिवसभर गाड्या धडधडत गेल्या आणि त्यांतली एकही थांबली नाही, तर त्या जागेला कोणी स्टेशन म्हणणार नाही, ते नुसते रुळालगतचे शिवार राहील. स्टेशन होते ते थांब्यामुळे. म्हणून नेरळचा इतिहास आज मी थांब्याच्या अंगाने मांडणार आहे. इथे कोणती गाडी थांबली, कोणासाठी थांबली, कोणती न थांबता निघून गेली, आणि एक गाडी अशी कोणती की जिचा प्रवासच इथून सुरू होतो, एवढाच आजचा विषय आहे.

बाहेरगावची काही मंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी आधी जागेचे सांगतो. नेरळ हे रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातले गाव. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने सुमारे ८६ किलोमीटर. मुंबईकडून येताना वांगणी आणि शेलू मागे टाकले की नेरळ, आणि पुढे भिवपुरी रोड व कर्जत. भिवपुरीच्या नावाला जोडलेला ‘रोड’ सांगतो की मूळ गाव स्टेशनापासून लांब आहे आणि उतरल्यावर रस्ता तुडवावा लागणार आहे. नेरळला असा ‘रोड’ लावावा लागला नाही, कारण पुलावरून खाली उतरले की माणूस बाजारातच पाय ठेवतो. पूर्वेला उल्हास नदीचे खोरे, पश्चिमेला माथेरानचा डोंगर, आणि मधल्या सखल पट्ट्यातून गेलेला लोहमार्ग. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर पुढचे सगळे समजायला सोपे जाईल.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. त्यानंतरची तीन वर्षे मात्र फारशी सांगितली जात नाहीत, आणि आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहेत. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोहोचले आणि तिथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेपुढे सह्याद्रीची भिंत उभी राहिली. या भिंतीवर दोन ठिकाणांहून चढायचे ठरले. एक फाटा ईशान्येला थळ घाटाच्या पायथ्याकडे, म्हणजे आजच्या कसाऱ्याकडे गेला, आणि दुसरा आग्नेयेला बोर घाटाच्या पायथ्याकडे निघाला. या दुसऱ्या फाट्याला उल्हास नदीच्या खोऱ्याने आयती वाट करून दिली. जमीन सपाट आणि चढ हळूहळू वाढणारा, त्यामुळे घाटाच्या पायथ्यापर्यंत मोठे खोदकाम करावे लागले नाही. १२ मे १८५६ रोजी कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा मार्ग खुला झाला आणि वाफेचे इंजिन आपल्या शिवारातून जाऊ लागले.

त्या काळचा प्रवास कसा होता पाहा. खंडाळा ते पुणे हा घाटावरचा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, पण मधला बोर घाट १८६३ पर्यंत पूर्ण झाला नव्हता. म्हणजे पाच वर्षे मुंबईचा प्रवासी आपल्या गावावरून खोपोलीला जायचा, तिथे उतरायचा, पालखीने, तट्टावर किंवा पायी घाट चढायचा आणि वर खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. त्या वर्षांत या मार्गाचे टोक खोपोली होते आणि नेरळ हे वाटेवरचे गाव. १८६३ मध्ये घाटातून रूळ वर गेले, मुंबई आणि पुणे जोडले गेले, आणि आपल्यासमोरून जाणारा मार्ग दख्खनचा महामार्ग झाला. एवढ्या थोरामोठ्यांच्या वाटेवर असलेल्या लहान गावाच्या वाट्याला एरवी धूर आणि धूळच आली असती. नेरळला थांब्याचे मोल मिळाले ते पश्चिमेच्या डोंगरामुळे.

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गावाच्या बाजूने माथेरानवर चढले आणि मुंबईच्या साहेबलोकांना हे ठिकाण माहीत झाले. डोंगरावर धनगर, ठाकूर आणि कातकरी यांचा वावर आधीपासून होता, त्यामुळे ‘शोध लावला’ हा शब्द मी वापरत नाही. १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वर येऊन गेले आणि बंगल्यांसाठी जागा पाहिल्या जाऊ लागल्या. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. मॅलेट चढले ते चौकाच्या, म्हणजे पनवेलकडच्या अंगाने. तो डोंगराचा मूळ दरवाजा म्हणता येईल. परंतु पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, रेल्वे आली ती पलीकडच्या, नेरळच्या अंगाने, आणि डोंगर जिथल्या तिथे असताना त्याचा दरवाजा फिरला. मुंबईहून गाडीने नेरळ, आणि नेरळहून सुमारे सात मैलांची चढण घोड्यावर, पालखीत किंवा माणसांनी ओढलेल्या रिक्षात, ही रीत पडली ती पुढे पन्नास वर्षे टिकली. घोडेवाले, भोई आणि हमाल यांची पोटे या थांब्यावर भरू लागली. नेरळच्या बाजाराला जे वळण लागले ते तिथून.

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो, आणि इथे थोडा अधिक वेळ घेणार आहे.

नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंचीवर आहे आणि माथेरान सुमारे आठशे मीटरवर. म्हणजे चढायची उंची साडेसातशे मीटरांहून अधिक. ही चढण इंजिनाने करायची तर रुळांचा चढ किती ठेवायचा, हा पहिला प्रश्न. माथेरानच्या मार्गावर सर्वांत तीव्र चढ विसास एक आहे, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. आता मुलांनो, गुणाकार करा. साडेसातशे गुणिले वीस म्हणजे पंधरा हजार मीटर. रूळ कुठेही सपाट न ठेवता सतत याच चढाने नेले तरी किमान पंधरा किलोमीटर लांबी लागणार. त्यात गाडीला दम घ्यायला सपाट जागा हवी, दोन गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी स्टेशन हवे, आणि डोंगर जिथे वाट देईल तिथूनच जायचे. म्हणून जी वाट माणूस पायी अकरा-बारा किलोमीटरांत चढतो, ती रेल्वेने वळसे घेत घेत सुमारे एकवीस किलोमीटर झाली. हे वळसे प्रवाशाला मौजेसाठी घातलेले वाटतात, परंतु त्यातला प्रत्येक वळसा त्या गुणाकाराने भाग पाडलेला आहे.

हे काम सरकारने केले नाही आणि मोठ्या रेल्वे कंपनीनेही केले नाही. मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ते अंगावर घेतले आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ते तडीस नेले. १९०४ मध्ये काम सुरू झाले, सुमारे सोळा लाख रुपये खर्च आला, आणि २२ मार्च १९०७ रोजी मार्ग वाहतुकीला खुला झाला. सैन्यासाठी तंबू पुरवून ज्यांनी संपत्ती मिळवली, त्यांनी ती एका डोंगरावर लोखंडाच्या दोन पट्ट्या अंथरायला लावावी, याचे मला फार अप्रूप वाटते. वर्षातले चार महिने पावसाने बंद राहणारा आणि दोन-तीन महिन्यांच्या हंगामावर विसंबलेला हा मार्ग कागदावर कोणाही हिशेबी माणसाने नाकारला असता. नेरळच्या चौकात अब्दुल हुसेन यांचे नाव मोठ्या अक्षरांत असायला हवे, असे माझे मत आहे.

या मार्गाच्या रुळांतले अंतर दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. शेजारच्या मुख्य मार्गाचे १,६७६ मिलिमीटर. आपल्या स्टेशनात हे दोन्ही एका नजरेत दिसतात. मी शाळेत असताना आम्ही मुले लहान रुळांवर दोन पाय दोन बाजूंना ठेवून सहज उभे राहत असू, आणि मोठ्या रुळांवर तसे करायला गेले की पाय पुरत नसत. गेज म्हणजे काय हे मला कोणत्याही पुस्तकाआधी असे माझ्या पायांनी शिकवले. अर्थात आज कोणी मुलाने तो प्रयोग करू नये. तेव्हा गाड्याही मोजक्या होत्या.

लहान गेज का, याचे उत्तर वळणांत आहे. रूळ जितके अरुंद तितके वळण आखूड घेता येते आणि डोंगर कमी फोडावा लागतो. परंतु आखूड वळणावर इंजिनाची पंचाईत होते. साध्या इंजिनाची चाके एका सरळ ओळीत आवळलेली असतात, ती वाकत नाहीत, आणि वळणावर रुळांना घासून वर चढू पाहतात. माथेरानसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोप्पेल या कारखान्याने चार इंजिने बनवली, त्यांत या अडचणीवर क्लीन-लिंडनर पद्धतीचा उपाय केला होता. इंजिनाला सहा चाके, म्हणजे तीन आस. मधला आस नेहमीसारखा घट्ट. पुढचा आणि मागचा आस मात्र पोकळ नळीसारखा, आणि त्या नळीच्या आत दुसरा आस. चाके बाहेरच्या नळीला, जोर आतल्या आसाकडून, आणि दोहोंमध्ये गोल सांधा. आपल्या खांद्याच्या सांध्यात हाताचे हाड जसे फिरते तसे ते बाहेरचे नळकांडे थोडे तिरपे होते, थोडे बाजूला सरकते, आणि चाके वळण जसे जाईल तशी जातात. शंभर वर्षांपूर्वीच्या लोहारकामात ही चतुराई होती. त्या चार इंजिनांपैकी एक आपल्या नेरळला जतन केलेले आहे, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे आणि एक सातासमुद्रापार इंग्लंडला गेले. १९८० च्या दशकाच्या आरंभी वाफ थांबली आणि डिझेल इंजिने सगळा भार ओढू लागली. नेरळच्या इंजिनाजवळ उभे राहून लोक फोटो काढतात, ते काढावेत. पण एकदा वाकून त्याचे आस पाहावेत, ही माझी विनंती.

नेरळहून निघालेली मिनी ट्रेन आधी मोठ्या रुळांच्या सोबतीने जाते, मग डोंगराकडे तोंड करते. पुढे जुम्मापट्टी, मग वॉटर पाइप, मग अमन लॉज आणि शेवटी माथेरान. वॉटर पाइप हे नाव पर्यटकांना विचित्र वाटते, परंतु ते कामाचे नाव आहे: वाफेचे इंजिन पाण्यावर चालते आणि चढणीला पाणी फार लागते, तेव्हा वाटेत त्याची सोय करावी लागली. वरपर्यंत दोन-अडीच तास लागतात. धडधाकट माणूस तेवढ्याच वेळात पायी चढतो, हे खरे आहे, आणि तरीही गाडी भरून जाते.

या गाडीची एक गोष्ट मी अगदी जवळून पाहिली आहे, ती सांगतो. पूर्वी गाडीला सलग ब्रेक नव्हते. दोन डब्यांच्या मधल्या जागेत एक माणूस उभा असे, त्याला ब्रेक पोर्टर म्हणत. त्याच्यासमोर एक लोखंडी हातचाक असे. उतारावर इंजिनाची शिटी झाली की साऱ्या गाडीतले ब्रेक पोर्टर एकाच वेळी ती चाके आवळत, आणि दुसरी शिटी झाली की सैल करत. माझ्या लहानपणी एका ब्रेक पोर्टरने मला त्याचे तळहात दाखवले होते. बोटांच्या मुळाशी घट्ट्यांची सरळ रेघ होती, आणि त्या घट्ट्यांत काळे वंगण असे मुरले होते की साबणाने जात नसे. चाक किती आवळायचे हे सांगणारे कोणतेही यंत्र त्याच्याकडे नव्हते. जास्त आवळले तर चाके जाम होऊन घसरतात, कमी आवळले तर गाडी अंगावर येते. ते माप त्याच्या मनगटात होते, आणि प्रवासी खिडकीतून माकडांना हात दाखवत असताना तो मात्र शिटीकडे कान लावून उभा असे.

मे २०१६ मध्ये आठवडाभरात दोन वेळा डबे रुळांवरून घसरले आणि ही सेवा थांबवण्यात आली. त्यानंतर गाडीला हवेच्या दाबाचे ब्रेक बसवण्यात आले, वळणांवर कठडे उभारले गेले, आणि आधी अमन लॉज ते माथेरान असा वरचा टप्पा २०१७ मध्ये व मग २०१८ च्या जानेवारीत नेरळपासूनची पूर्ण सेवा सुरू झाली. हा बदल आवश्यकच होता. सुरक्षिततेचा प्रश्न आला की मनगटातल्या मापावर विसंबून चालत नाही. तरी शंभरावर वर्षे ती माणसे त्या चाकांपाशी उभी राहिली, याची नोंद गावाने ठेवली पाहिजे.

आता पुन्हा मोठ्या रुळांकडे वळू. १९२९ च्या सुमारास कल्याण ते पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. तिला आपण दख्खनची राणी म्हणतो आणि आपल्या लहान गाडीला माथेरानची राणी. गंमत अशी की दख्खनची राणी नेरळहून वाऱ्यासारखी निघून जाते, तिच्या ठरावीक थांब्यांत आपले नाव नाही, आणि माथेरानची राणी आपल्या अंगणातूनच निघते. त्याच काळात मालगाड्या ओढायला आलेल्या लांब नाकाच्या, मधून वाकणाऱ्या विजेच्या इंजिनांना रेल्वेवाले ‘खेकडा’ म्हणत. खेकडा आला की फलाटाचे दगड हलतात, असे माझे आजोबा सांगत. मुंबई-पुणे गाड्यांपैकी डेक्कन एक्स्प्रेसने मात्र अनेक वर्षे नेरळला थांबून माथेरानच्या पाहुण्यांना उतरवले. सकाळी ती गाडी आली की घोडेवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचा दिवस सुरू होत असे.

विजेच्या तारा आल्या आणि त्या तारांशी या परिसराच्या स्वातंत्र्यलढ्याचा धागाही जोडला गेला. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल, वकील झाले, माथेरान नगरपालिकेत काम करू लागले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या त्यांनी उभ्या केल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. मुंबईचे कारखाने आणि गाड्या ज्या विजेवर चालतात ती सह्याद्रीच्या पायथ्याच्या वीजघरांतून, आपल्या शेतांवरून जाते, हे या डोंगरातल्या माणसांना ठाऊक होते. साम्राज्याची नस कुठे आहे हे शोधायला त्यांना लांब जावे लागले नाही. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. नेरळला उतरणाऱ्या प्रवाशाला हे नाव गावात वाचायला मिळते, पण त्याचा संबंध डोक्यावरच्या तारांशी आहे हे सांगणारे कोणी भेटत नाही, म्हणून इथे सांगितले.

स्वातंत्र्यानंतर नोव्हेंबर १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली आणि मोठा मार्ग तिच्याकडे आला. आपली लहान गाडीही आज तिचाच भाग आहे. त्यानंतर नेरळच्या थांब्याचा धनी हळूहळू बदलला. पूर्वी थांबा होता तो हवा खायला येणाऱ्यांसाठी. आता तो झाला कामाला जाणाऱ्यांसाठी. कर्जत लोकलने गावाचे घड्याळच स्वतःकडे घेतले. मी स्वतः अठ्ठावीस वर्षे पास काढून ठाण्याला नोकरीला गेलो. पहाटेच्या गाडीत नेरळला जागा मिळणे न मिळणे यावर घरातली सगळी कामे ठरत. कुकर कधी लावायचा, दूध कधी तापवायचे, मुलांना कधी उठवायचे, हे आमच्या घरात गाडीच्या वेळेवरून ठरे, आणि आमच्यासारखी अशी शेकडो घरे होती. गाडीतले भजनाचे डबे, वांगणीला चढणारे मित्र, कल्याणला उतरणारा भाजीचा भारा, हे सगळे त्या दोन तासांतले वेगळे गाव आहे. उन्हाळ्यात ठाकूर आणि कातकरी बाया करवंदे-जांभळे पानांच्या द्रोणांत घेऊन फलाटावर बसत. लोकल आली की भरलेला द्रोण खिडकीतून आत, आणि पैसे बाहेर, गाडी सुटायच्या आत. पोटापुरता तोही एक थांबाच.

लोकलच्या दर्शकावर कर्जतसाठी ‘एस’ आणि कसाऱ्यासाठी ‘एन’ अक्षर येते. एक आग्नेयेचा फाटा, एक ईशान्येचा. १८५० च्या दशकात कल्याणला फुटलेल्या वाटा आजही त्या दोन अक्षरांत दिसतात. नवख्या पाहुण्याला मात्र ‘एन’ म्हणजे नेरळ असे वाटते. माझे एक मामा साताऱ्याहून प्रथमच दादरमार्गे आमच्याकडे येत होते, ते याच समजुतीने गाडीत बसले आणि टिटवाळ्याला उतरले. तिथे गणपतीचे दर्शन घेऊन ते संध्याकाळी घरी पोहोचले. तेव्हापासून पाहुण्याला पत्ता कळवताना आमच्या घरात पहिले वाक्य ‘एस बघून चढा’ हेच असते.

उल्हास नदीने वाट दिली, असे मी सुरुवातीला म्हटले. नदीने दिलेली वाट नदी कधी कधी परतही मागते. २६ जुलै २००५ च्या पावसाने या खोऱ्यात हाहाकार केला आणि माथेरानचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. तो पुन्हा सुरू व्हायला मार्च २००७ उजाडला, म्हणजे नेमका शताब्दीचा महिना. शंभर वर्षे पूर्ण होताना गाडी वर जाऊ शकली, याचा आनंद ज्यांनी पाहिला ते आज या सभागृहात आहेत. पुन्हा २०१९ च्या पावसाळ्यात तेच झाले. २७ जुलै २०१९ रोजी आपल्या शेजारी, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. त्याच हंगामात माथेरानच्या मार्गाखालची माती आणि खडी अनेक जागी निघून गेली, काही ठिकाणी रूळ हवेत लोंबकळत राहिले. वरची अमन लॉज ते माथेरान शटल काही काळाने सुरू झाली, परंतु नेरळहून गाडी सुटायला २२ ऑक्टोबर २०२२ पर्यंत थांबावे लागले. तीन वर्षांहून अधिक काळ आपल्या स्टेशनातला लहान फलाट रिकामा होता. पर्यटक रस्त्याने टॅक्सीत बसून थेट दस्तुरी नाक्यापर्यंत जात, कारण माथेरानच्या हद्दीत मोटारींना बंदी असली तरी नाक्यापर्यंत रस्ता आहे. गाडी बंद असताना माथेरान चालले. अडले ते नेरळच्या बाजाराचे.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. मिनी ट्रेन ही माथेरानची शोभा आहे, असे सगळे लिहितात. दरी, माकडे, धुके, चिमुकला बोगदा, यांची वर्णने होतात. भारतातल्या इतर तीन डोंगरी रेल्वे जागतिक वारसा यादीत आहेत, आपली संभाव्य यादीत आहे, आणि ती मुख्य यादीत जावी असे मलाही वाटते. परंतु वारसा म्हणून तिची पाटी लागली आणि गाडी मात्र वरच्या वरच, अमन लॉज ते माथेरान एवढीच, फिरत राहिली, तर ते मला मान्य होणार नाही. मुख्य मार्गावरच्या माणसाने मोठ्या गाडीतून उतरून लहान गाडीत बसावे, यासाठी हा मार्ग बांधला गेला. त्याचे पहिले स्टेशन नेरळ आहे. दोन गेज एकमेकांना भेटतात ती जागा तोडली की उरते ती डोंगरावरची फेरी.

आजची स्थिती थोडक्यात अशी. पावसाळ्याचे चार महिने, साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर, नेरळहून मिनी ट्रेन बंद असते. इतर काळात अलीकडच्या वेळापत्रकानुसार सकाळी दोन गाड्या वर जातात आणि दुपारनंतर दोन खाली येतात. वरची शटल पावसातही चालू असते. मुख्य मार्गावर कर्जत आणि खोपोलीच्या लोकल थांबतात. कल्याणच्या पुढे आपल्याकडे मार्ग दोनच, एक जाणारा आणि एक येणारा, आणि त्याच दोन रुळांवरून लोकल, मेल, मालगाडी सगळ्यांना जायचे आहे. एखादी मालगाडी रखडली की मागच्या लोकलमधला माणूस बदलापूरपासून खिडकीबाहेर पाहत बसतो. लोकलच्या फेऱ्या वाढवा ही मागणी आपण वर्षानुवर्षे करतो, आणि रूळ दोनच असल्याने तिला मर्यादा पडते. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने बदलापूर ते कर्जत या सुमारे ३२ किलोमीटरच्या टप्प्यावर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला मंजुरी दिली आहे. विजेच्या तारा आल्या त्यानंतर या मार्गावर होणारा एवढा मोठा बदल दुसरा नाही.

नवे रूळ पडताना जागा लागेल, फलाट सरकतील, पूल बदलतील. त्या नकाशांवर गावाने आत्ताच लक्ष ठेवले पाहिजे. लोकलमधून उतरलेला म्हातारा माणूस आणि त्याची नात एका पुलाने, एका चढ-उतारात, मिनी ट्रेनच्या फलाटावर पोहोचली पाहिजेत, आणि सकाळच्या कर्जत लोकलची वेळ व मिनी ट्रेन सुटायची वेळ यांत तिकीट काढण्याएवढे अंतर राहिले पाहिजे. जतन केलेले इंजिन हलवावे लागले तर ते नेरळमध्येच, उघड्यावर न ठेवता छपराखाली, आणि त्याचे आस दिसतील अशा उंचीवर ठेवावे. ग्रामपंचायतीने हे तीन मुद्दे लेखी द्यावेत, त्याचा मसुदा मी आज सोबत आणला आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना सही करायची असेल त्यांनी दाराजवळच्या टेबलापाशी यावे.